गाठ आणि शब्दकोशवाले मेहुणे

नाही, पण मला सांगा, घाबरलेल्या माणसाशेजारी कुणी शब्दकोश आणून बसवतं का? आमच्या हिने बसवला! मानेमागे लिंबाएवढी गाठ, तपासणीचा रिपोर्ट आणायचा, माझे हातपाय आधीच गार, तर म्हणते, "दादाला घेऊन जा, त्याला आजारातलं सगळं कळतं." कळतं म्हणजे काय, तर हिचा हा भाऊ छापखान्यात मराठी वैद्यकीय शब्दकोशाची प्रुफं तपासतो! डॉक्टर नव्हे हो… प्रुफं!

तुम्हाला सांगतो, दवाखान्यातल्या बाकावर टेकलो नाही तोच सुरू! "भाऊजी, मलेरिया म्हणजे मुळात काय, माहितीये? वाईट हवा! घाबरू नका, शब्द साधा आहे." समोरच्या बाईंनी उठून खिडकीच लावली. "मसल म्हणजे छोटा उंदीर! दंड फुगवला की कातडीखाली उंदीर पळाल्यासारखं दिसतं ना, म्हणून." झालं, माझ्या मानेत उंदीर! म्हटलं, दादा, जरा गप्प बसता का? "आणि कॅन्सर म्हणजे नुसता खेकडा हो! घाबरू नका, शब्द साधा आहे." अहो, तोच शब्द मी पंधरा दिवस तोंडातून काढला नव्हता… हिच्यासमोरसुद्धा नाही!

तेवढ्यात काउंटरवरून पाकीट आलं. मला काही ते उघडवेना, म्हणून मेहुण्यांनीच फोडलं. वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं. आणि… गप्प! सकाळपासून ज्याच्या तोंडाला उसंत नाही तो माणूस गप्प! "दादा, काय आहे?" गप्प. "खेकडा आहे का? उंदीर चालेल हो मला, पण बोला काहीतरी!" त्यांनी नुसता माझा हात धरला. संपलं, म्हटलं. हिचं कसं होणार, पोरीचं शिक्षण अर्धवट, सगळं डोळ्यांसमोर आलं.

आत डॉक्टरांनी कागद बघितला न बघितला, "लायपोमा. चरबीची साधी गाठ आहे, काही करायचं नाही. जा घरी." खुर्चीतच रडलो मी, खोटं कशाला सांगू?

बाहेर आल्यावर मेहुण्यांना धरलं. "मग मघाशी तुमची वाचा का बसली?" तर मान खाली घालून म्हणतात, "मला शब्दच ठाऊक नव्हता हो, भाऊजी… मीच घाबरलो. प्रुफं अजून 'म'पर्यंतच झालीत. 'ल' यायला वर्ष तरी लागेल."

आता रागावणार कुणावर? बायकोचा भाऊ! मी आपलं ठरवून टाकलंय, यापुढे आजारी पडायचं तर 'म'च्या अलीकडेच पडायचं.