दोन पंख्यांचं कार्ड

पार्वताबाई : म्हंजे जावायाच्या ओयखीतून कूलर आनतो म्हनून अकोल्याले गेलते तुमी, अन् आनलं हे.

नत्थुजी : ग्राफिक्स कार्ड म्हंतात याले. सागरच्या कंप्युटरात बसवाचं हाय.

पार्वताबाई : वारा येते का याच्यातून? पंखे तं दोन दिसतात.

नत्थुजी : थे आपल्यासाठी नाई. चित्र काढता काढता हे गरम होते, म्हनून त्याले सोताले लागतात.

पार्वताबाई : वा. म्हंजे मे महिन्यात मी सयपाकघरात शिजून राहिली, अन् गार हवा या विटेले.

नत्थुजी : वर्षालीले घेऊनच गेलतो दुकानात. दुकानदार म्हने, काका, इतक्या सस्त्या कार्डात काही मजा नाई, नातवासाठी जरा भारी न्या. मी म्हनलं, नातवासाठी नाई, माह्यासाठी.

पार्वताबाई : असं तोंडानं सांगतलं? मंग थो दिवसभर हासला असन.

नत्थुजी : हासला. वर्षालीनं त्याले सांगतलं, बाबाले बस चालवाची हाय, झाडाचे पानं नाई मोजाचे. हेच द्या.

पार्वताबाई : पोरगी बी तुमच्यावरच गेली. पोरगा पुन्याले गेला तवापासून थो कंप्युटर धूळ खात होता, थेच बरं होतं. सारी हयात एसटी चालवली, पेन्शन बसलं, अन् आता राजापेठेत घरात बसून कंप्युटरच्या खेळात खोटी बस. शेजारचे म्हंतात, नत्थुजी टेबलाले गिअर टाकतात.

नत्थुजी : म्हनू दे. जुन्या कार्डात रस्ता झटके घे. वयन दिसाच्या आंधी झाड अंगावर ये.

पार्वताबाई : अन् जाते कुठं ही तुमची बस? तिवस्याले का भातकुलीले?

नत्थुजी : जर्मनीले.

पार्वताबाई : तिथं कोन हाय आपलं?

नत्थुजी : कोनीच नाई. म्हनून कोनी डोये तपासत नाई.

(नत्थुजी कार्ड बसवून कंप्युटर सुरू करतात.)

पार्वताबाई : थे मेडिकलचं अजून धरून बसले तुमी?

नत्थुजी : सकायी गाडी घेऊन नागपूरले जाऊन आलो. दुपारी डॉक्टरनं डोये नापास केले, अन् चाबी दुसऱ्याच्या हातात. मंग रिटायर होयेपर्यंत टेबलावर. दुसऱ्याइच्या शेवटच्या फेरीले गाडी सजवत, हार घालत. माह्यी शेवटची फेरी होऊन गेली, अन् मलेच मालूम नवतं का थे शेवटची होती.

पार्वताबाई : हे मनात सलते म्हनून मले काहून नाई सांगतलं कधी?

नत्थुजी : तू हासली असती.

पार्वताबाई : हासलीच असती. आताबी हासूनच राहिली. येवढा मोठा मानूस, अन् जर्मनीत रिकामा फिरते.

नत्थुजी : रिकामा नाई. पाह्य, स्टॉपवर मानसं उभे हायेत. आता साफ दिसतात. पह्यले निसते ठिपके दिसत.

पार्वताबाई : सरका जरा. मले दिसू द्या.

नत्थुजी : झाले सारे चढून. काढू का गाडी?

पार्वताबाई : थांबा. थे लेकरावाली बाई बसू द्या आंधी.