गच्चीवरचं पिवळं लुगडं

चिकलठाण्याच्या स्टॉपवर बस येत नव्हती. माझ्या मागं दोघी शेजारणी उभ्या होत्या. डोक्यावरून एक विमान खाली गेलं.

“चतुराबाई, तुमची लेक संस्कृती आली का काय हे विमान घेऊन?”

“नाय हो, राहतभाभी. हे नव्या कंपनीचं. यांनी तिकीट इतकं स्वस्त लावलं, की संस्कृतीच्या विमानात बसायला माणूस राहिलं नाय. तिच्या कंपनीनं इकडं यायचंच सोडलं. आता ती इंदूरला उतरती.”

“मग गच्चीवर पिवळं लुगडं अजून कशाला? ते तर तिला वरून घर दिसावं म्हणून होतं ना?”

“सकाळ झाली की हात आपोआप जातो. वारा भरला की असं फुगतं, वाटतं आता हेच उडंल. गेल्या शुक्रवारी मात्र तेच नेसून लग्नाला गेले.”

“फिर?”

“सांजच्याला फोन आला. या नव्या विमानाची पायलट पोरगी. संस्कृतीसंगं शिकलेली.”

“दुश्मन कंपनीची?”

“व्हय. म्हणली, काकू, आज ढगातून खाली आलो तर तुमची गच्ची रिकामी. बऱ्या आहात ना?”

“या अल्ला.”

“म्हणलं, बरी हाय गं पोरी, लुगडं तेवढं मीच नेसलंय.”

“चतुराबाई, आता लग्नाला दुसरं नेसत जा.”