सातुर्नीनोची हॅट

...नाही, त्या गोऱ्याला कशाला नावं ठेवायची? मूर्ख मी! मेलेल्या नवऱ्याची हॅट रोज माझ्या हातानं त्याच्या डोक्यावर कुणी ठेवली? मी! तुम्हाला सांगते, मेलेलं माणूस तीन वर्षं मृतांच्या सणाला येतं, आधी दोन-चार दिवस गावात घुटमळतं, मग सणादिवशी दुपारी बाराच्या ठोक्याला घरी जेवायला येतं, तिसऱ्यांदा गेलं की गेलं, हे काय आमच्या पोतोसी गावात कुणाला शिकवायला हवं? माझ्या सातुर्नीनोचं हे तिसरं. आणि नेमकं यंदाच घरमालकानं आम्हाला वरच्या गल्लीतून काढलं, सासू नि मी इथं खाली आलो. आता त्याला कोण सांगणार? तो जुनंच दार वाजवणार, आतून परकं तोंड बाहेर येणार!

मग लढवली अक्कल! आमच्या माळ्यावर पाठीवर बोचकं घेऊन जग हिंडणारा तो गोरा मात्स उतरलेला. म्हटलं, ‘बाबा रे, गाव बघत हिंडतोसच, तर ही हॅट घाल, आधी वर जा, हाक मार, सातुर्नीनो, चल, घर बदललंय! आणि चालत खाली ये.’ हॅट ओळखून येईल ना मागोमाग! आहे की नाही मी शहाणी?

पहिल्याच दिवशी यानं अशी काही हाक मारली, की नवी भाडेकरीण झाडू घेऊन बाहेर! ‘कोण सातुर्नीनो? चल, फूट इथनं!’ बरं, तिथून सरळ यावं? छे! देवळाचं दार दिसलं, फोटो! सज्जा दिसला, फोटो! जुन्या टांकसाळीच्या संग्रहालयात शिरला तो संध्याकाळीच बाहेर. अहो, माझा नवरा जन्मात तिथं गेला नाही, ‘आपल्याच खाणीतली चांदी बघायला आपणच तिकीट काढायचं?’ म्हणायचा, आणि आता मेल्यावर ह्याच्या मागं मागं! दुसऱ्या दिवशी सान फ्रान्सिस्कोच्या देवळाच्या छपरावर! चढ आला की ह्याला धाप, दर कोपऱ्यावर बसकण. मी विचारायची, ‘कुठं कुठं टेकलास?’ तो सांगायचा, आणि मला वाटायचं, बाजाराच्या पायरीवर दोघं शेजारी शेजारी बसले असतील... आम्ही बसायचो तिथं. आहे की नाही शहाणी?

काल बजावलं, ‘उद्या बाराच्या आत ये हं!’ ‘हो हो, नीकोलासाबाई,’ म्हणाला, मिठी मारली. मला वाटलं, सणाची मिठी!

आज टेबल मांडलं, पावाची बाहुली, चघळायला कोकाची पानं, सिगारेट, आणि त्याचं लाडकं कालापुर्का. मक्याचं दाट कालवण, त्यात तापलेला दगड सोडला की वाडग्यात खदखदतं. बारा वाजले, दगड सोडला, खदखदलं. मी दाराकडं बघतेय... गार. दगड काढला, तापवला, सोडला... परत गार. एवढंसं कालवण, किती वेळा उकळायचं हो त्याला?

तेवढ्यात बसस्टँडवर सालतेन्या, खिम्याच्या करंज्या विकणारी तोमासा आली. ‘तुझा गोरा ना? सकाळीच उयुनीच्या, त्या मिठाच्या माळाच्या बसला चढला की! त्या हॅटमध्ये काय रुबाब गं मेल्याचा!’

बक्षीसच वाटली असणार त्याला ती हॅट! मी सासूकडं वळून ओरडले, ‘आई, गेला हो तुमचा लेक! शेवटची खेप, आणि मीच त्याला बसमध्ये बसवून मिठाच्या माळावर धाडला! आहे की नाही मी शहाणी?’

सासूबाई शेंगा सोलत होत्या. मान वर केली नाही.

‘लहानपणापासून गाडी लागते त्याला. पहिल्याच वळणावर उतरला असेल. चालत येतोय, उशीर होणारच.’