मातीत ठेवलेले पाच जोड

नाई ताई, मी अजून बी म्हणतो, चोळीच्या पट्ट्यात थोडं रबर पाहिजेच. नुसती खाटेची निवार खांद्याले कापते. तू कितीदा फोन आपटला तरी माझं म्हणणं तेच आहे. आता तुले फोन आपटता येत नाई, म्हणून मी जिंकलो असं नाई. भांडण अर्धवट राह्यलं, एवढंच.

जमलेल्या मंडळींनो, माफ करा. आई, मामा, गावातले समदे काका-काकू, आणि मागं मोहाच्या झाडाखाली बसल्या असतील त्या मोनाबाई, तुम्ही बी माफ करा. शोकसभेत असं भांडणापासून सुरू करत नाईत, मले माहीत आहे. पण ताईशी मी दुसऱ्या कोणत्या रीतीनं बोललोच नाई कधी. आज अचानक गोड बोललो तर तिले वाटीन, हा माझा भाऊच नव्हे.

मी सुखदेव. सुनंदाताईचा लहाना भाऊ. दिल्लीतून बोलून राह्यलो. रमेशनं फोन माईकजवळ धरला आहे. आवाज तुटला तर तो सांगीन. सातवीनंतर शाळा सोडली, लोकांपुढं बोलाची सवय नाई, म्हणून कागदावर लिहून घेतलं आहे. तरी बी कठीण जाऊन राह्यलं.

ताई गवत कापाले गेली होती. नाल्याच्या पलीकडं, रोजच्या जागी. वाघानं तिले तिथूनच नेलं. गाव ढोल वाजवत, हाका मारत जंगलात शिरलं, आणि जे हाती आलं ते फडक्यात बांधून आणलं. तुम्ही समद्यांनी ते पाह्यलं. मी नाई पाह्यलं. त्याच्यावर मी जास्त बोलत नाई. आई ऐकून राह्यली आहे.

पण त्याच्यानंतर जे झालं, त्याच्यावर बोलतो. आज बोललंच पाहिजे, कारण उद्या उशीर होईल.

आपल्यात माणसाच्या वस्तू माणसासंगं देतात. बाप गेला तेव्हा त्याची कुऱ्हाड दिली, चिलीम दिली. ताईसंगं काय द्याचं? आईनं घरात पाह्यलं. शिलाई मशीनच्या मागं खुंटीवर गाठोडं होतं. उघडलं तर आतमंदी चमचम कपडे. लाल, हिरवे, मोती लावलेले, घुंगरं लावलेले. पाच जोड. आईनं ते छातीशी धरले. म्हणाली, "पोरीनं लगनासाठी शिवून ठेवले होते, मले सांगतलं बी नाई." आणि ते समदे जोड तिनं आपल्या हातानं लेकीजवळ ठेवले, आणि वरून माती पडली.

आई, तुले कसं माहीत असणार? ताईनं तुले कधी दाखवलेच नाईत. तू विचारलं की म्हणे, "ब्लाऊज शिवून राह्यली." तिचं लगन तू चार वर्षं शोधत होती. मंग चमचम कपडा पाहून तुझ्या मनात दुसरं काय येणार होतं?

ते कपडे लगनाचे नव्हते. ते ताईचे बी नव्हते. ते नाटक कंपनीतल्या पोरींचे होते. दिवाळीनंतर आपल्या झाडीपट्टीत नाटकं सुरू होतात, आणि नाटकात मधी मधी नाच असतो, हे तुमच्यातल्या कोणाले माहीत नाई? मंडपात पुढं बसून कोणी पाह्यलं नाई, हात वर करा. फोनवर मले हात दिसत नाईत. बरंच आहे.

आता नवीन नाच आला आहे. बेली डान्स म्हणतात. पोट आणि कंबर हलवून करतात. त्याच्यासाठी वरती नुसती मोत्यांची चोळी असते, बाजारात भेटते तशा बॉडीसवर बनवलेली. मोती, घुंगरं, नाणी लावली की तिचं वजन किलोच्या वर जाते. ते समदं वजन दोन पट्ट्यांवर. लोकांच्या नजरा बी त्या दोन पट्ट्यांवर.

ताई या कामात कशी आली, ते सांगतो. मी दिल्लीले जाण्याच्या आधीची गोष्ट आहे. आम्ही दोघं सिंदेवाहीकडं नाटक पाहाले गेलो होतो. मोनाबाई नाचत होत्या. तेव्हा आम्ही त्यांले ओळखत नव्हतो. एक माणूस पन्नासची नोट द्याले स्टेजवर चढला. नोट दिली, आणि जाता जाता पट्टा ओढला. पट्टा रबराचा होता. ताणला, आणि तुटला. हजार माणसं हसली. मोबाईल वर झाले. मोनाबाईनं एका हातानं चोळी धरली आणि दुसऱ्या हातानं नाच पुरा केला. तोंडावरचं हसू बी पुसलं नाई.

मी बी हसलो असतो. बाजूचे समदे हसत होते. पण ताई उठून पडद्याच्या मागं गेली. मी तिच्या मागं. तिथी मोनाबाई जमिनीवर बसून उलटी करत होत्या. ताईनं त्यांले पाणी दिलं नाई, धीर दिला नाई. तुटलेला पट्टा हातात घेतला, उलटा-पालटा करून पाह्यला, आणि विचारलं, "हे कोणत्या गाढवानं शिवलं?"

मोनाबाई म्हणाल्या, "बाई, तू कोन?"

"मी शिवनारी. दे इकडं."

अशी त्यांची ओळख झाली. मोनाबाई, बराबर सांगून राह्यलो ना मी?

त्या दिवसापासून ताईच्या पट्ट्यात रबर बंद. दुकानातली बॉडीस आणायची आणि पहिलं काम तिचे पट्टे कापून फेकायचे. मंग खाटेची निवार घ्यायची, नवी, घट्ट विणीची. तिची लांब पट्टी कापायची, दुहेरी करायची, वरून साटीनचं कापड चढवायचं आणि दोन्ही काठांनी शिलाई मारायची. आणि तो पट्टा चोळीच्या वरच्या काठाले नाई जोडायचा. काठ फाटते. पट्टा आतून खालपर्यंत न्यायचा, छातीच्या खालच्या पट्टीपर्यंत, आणि तिथी चौकोन शिवायचा, चौकोनात फुली मारायची. म्हणजे ओझं काठावर नाई, खालच्या पट्टीवर बसते. मागं हूक नाई. तिथी बी निवारीच्याच दोऱ्या, दोन गाठी. हूक कोणी बी काढते. दोन गाठी काढता काढता त्या माणसावर पुरा मंडप बोंबलते.

आणि शिवून झालं की पोरीले बोलवायची. म्हणायची, "लटक." छताच्या लाकडावरून चोळी टाकायची आणि पोरीनं आपल्याच पट्ट्याले दोन्ही हातानं लटकायचं. जिचा पट्टा तिनंच लटकायचं, दुसऱ्यानं नाई. चंदा म्हणून एक लठ्ठ पोरगी आहे. ती म्हणाली, "सुनंदाबाई, लाकूड मोडीन तुमचं." ताई म्हणाली, "लाकूड मोडलं तर चालते. पट्टा तुटला तर मले सांग."

मी दिल्लीले गेलो तर तिथी नेमकं हेच काम भेटलं. कारखान्यात बाहेर देशाच्या बायांसाठी बेली डान्सचे कपडे शिवतात. मी ताईले फोटो पाठवला. लगेच फोन आला.

"पट्ट्यात काय टाकलं रे?"

"रबर. ठेकेदार तेच देते. अंगाले बराबर बसते, श्वास घेता येते."

"रबर कोनाच्या बी हातानं लांबते रे सुक्या."

"तिकडं कोनी ओढत नाई, ताई."

"मंग तू तिकडच्यासाठीच शिव. इकडं नको शिकवू."

आणि फोन बंद. तीन वर्षं हेच भांडण. मी म्हणायचो, निवारीनं पोरींचे खांदे सोलून निघतात, खालून मऊ फलालीन तरी लाव. ती म्हणायची, "सोललेला खांदा भरून येते." आता मोनाबाईनं मले फोनवर सांगतलं, की यंदाच्या जोडात ताईनं खालून फलालीन लावली होती. मले सांगतलं नाई. भांडणात पडती बाजू दाखवणारी बाई ती नव्हतीच.

ते फलालीनचे जोड आता मातीत आहेत.

मोनाबाई तिसऱ्या दिवशी कपडे न्यायले आल्या. त्यांले ताई गेल्याचं माहीतच नव्हतं. दारात माणसं पाहून त्यांले वाटलं, घरी कार्यक्रम आहे. त्यांनी विचारलं, "सुनंदाबाई कुठी आहेत?" आणि आपल्या गावातलं कोणी तरी म्हणालं, "मेलेल्याच्या दारात नाचाचे कपडे मागाले आली." नाव मी घेत नाई. ज्यानं म्हटलं त्याच्या कानात ते असेलच.

आणि तेव्हा समद्या गावाले समजलं, आईनं काय पुरलं ते.

त्या दिवसापासून आई जेवत नाई. एकच म्हणते, "मी माझ्या पोरीसंगं नाचनारीचे कपडे दिले." कोणी तरी तिच्या डोक्यात भरवलं, की आता ताईले वर जागा भेटणार नाई, पुरख्यांच्या, वाडवडिलांच्या ओळीत बसू देणार नाईत. आणि कंपनीचा मालक म्हणते, कपडा माझा, मोती माझे, जोड द्या नाई तर मालाचे पैसे भरून द्या. म्हणून मामानं ठरवलं, उद्या सकाळी माती उकरायची. जोड काढायचे, धुवायचे, मालकाच्या तोंडावर फेकायचे, आणि ताईले पुन्हा साफ माती द्यायची.

मामा, तुमचा राग मले समजते. तुम्ही बहिणीच्या जिवासाठी बोलून राह्यले, ती डोळ्यापुढं वाळून राह्यली म्हणून. पण एक विचारतो. त्या मातीत ताई किती आहे? जे फडक्यात बांधून आणलं तेवढीच ना? बाकी तिथी काय आहे? तिच्या हाताचं काम आहे. ते बी काढून घेतलं तर मंग आपण पुरलं काय?

आई, ऐक. तुझा अंदाज चुकला, पण जे दिलं ते चुकलं नाई. तू तिची सगळ्यात चांगली वस्तू शोधली आणि तीच दिली. बापासंगं कुऱ्हाड दिली तेव्हा कोणी विचारलं नाई, या कुऱ्हाडीनं कोणाच्या जंगलातलं लाकूड तोडलं. ताईनं त्या कपड्यात बाईची अब्रू शिवली होती. तिले वर कोणी विचारलं, "काय आणलं?" तर ती दाखवीन. म्हणीन, "लटकून पाहा." तुले वाटते, आपल्या पुरख्यांमधली एखादी बाई लटकून पाहणार नाई? मले तर वाटते, रांग लागीन.

हसू आलं असेल तर हसा. ताईले चालते.

जंगल खात्याचे साहेब आले तेव्हा त्यांनी विचारलं, मयत काय काम करत होती. घरच्यांनी लिहून दिलं, मजुरी. मी तिथी असतो तर म्हटलं असतं, शिलाई. आज या माईकवर म्हणतो, शिलाई. सुनंदा शिवत होती. नाचणाऱ्या पोरींसाठी शिवत होती. कोणाले लाज वाटत असेल तर त्यानं यंदा मंडपात जाऊ नये. बस, एवढंच करावं.

तुम्ही विचारून राह्यले असाल, एवढं बोलते तर हा पोरगा आला काऊन नाई. गाडी लांबची आहे, म्हणून नाई. मी कारखान्यातली सुट्टी घेतली आहे. पण गाडीत बसलो नाई, मशीनवर बसलो. मोनाबाईनं फोनवर पाचही पोरींची मापं सांगतली. दोन जोड झाले. उरलेले पहिल्या नाटकाच्या आधी पोचतील. कपडा माझा आहे, मोती माझे आहेत. हे जोड कंपनीचे नाईत, पोरींचे आहेत. कंपनी सोडली तरी त्यांनी ते संगं न्यावे. निवार इथी चांगली भेटते. रबर टाकलं नाई. फलालीन आहे. मोनाबाई, आले की तुम्ही समद्या लटका, आणि चंदाले सांगा, लाकूड आमचंच आहे, मोडू दे.

आता मालकाचा हिशोब उरला. मामा, त्याचा माल त्याले पैशात भेटला, की त्याले जोड मागाचं कारण राहत नाई. आणि तुम्हाले माती उकरायचं कारण बी राहत नाई.

मंडळींनो, आता समदे उभे राहा. आईले उभं करा, तिचा हात धरा. मोनाबाईले पुढं येऊ द्या, त्या बी तिच्या घरच्याच होत्या. थोडा वेळ उगी राहा. ज्याले उद्या कुदळ घेऊन जायचं असेल त्यानं आत्ता बोलावं. कोणी बोललं नाई, तर मी समजीन की ताईले जसं ठेवलं तसंच ठेवायचं तुम्ही कबूल केलं.

ताई, जोहार. पुरख्यांनो, जोहार. आमची शिवणारी तुमच्यात आली आहे, तिले जागा करा.

रमेश, तुझ्या फोनवर पैसे टाकून राह्यलो. मामाच्या हातात दे, मामा मालकाले देतील. साडेनऊ हजार रुपये.