भांडणावर टांगलेली गोळी

...आणि वर मलाच म्हणतात, "सवय होईल, आजी." अरे, कशाची सवय होईल? घरात माणूस धडधाकट आहे, समोर बसलंय, जेवतंय, आणि भांडत नाही, याची? तुम्हाला सांगते, आयुष्यात नाही नाही ते पाहिलं, पण इतकी वाईट वेळ कधी आली नव्हती. आणि आणली कुणी, तर शिकलेल्या माणसांनी, हसतमुखानं, आमचाच चहा पिऊन.

मी शाळेत गेलेली नाही. किराण्याच्या पुड्यांचे कागद सरळ करकरून वाचायला शिकले. त्यामुळे बऱ्याच गोष्टी मला अर्ध्याच ठाऊक आहेत, पण ज्या ठाऊक आहेत त्या पक्क्या. म्हणून डॉक्टर जेव्हा म्हणाले, की तुम्ही रक्तदाबाची गोळी विसरता, माणसाला सवयी कशा लागतात याचा अभ्यास करणारे दोघं आलेत, त्यांना तुमच्याकडे पाठवतो, तेव्हा म्हटलं, पाठवा, बघू तरी कोण ते.

आले. एक वेणीवाली मुलगी आणि एक चष्मेवाला. मुलीचं म्हणणं असं, की नवी सवय नुसती लागत नाही, ती जुन्या सवयीच्या खुंटीला टांगावी लागते. तर आजी, तुम्ही रोज न चुकता काय करता? दात घासता? म्हटलं, राहिलेत कुठे. फिरायला जाता? म्हटलं, माझ्या गुडघ्यांना विचार. मग न चुकता करता तरी काय? म्हटलं, जाऊबाईंशी भांडते.

जाऊबाई म्हणजे माझी थोरली जाऊ. दोघींचे नवरे गेले, पोरं आपापल्या संसारात, घरात आम्ही दोघीच. सकाळी मी स्वयंपाकघराची खिडकी उघडते. ती लावते. मी पुन्हा उघडते. ती म्हणते, "धाकटे, तुझ्या माहेरी भिंतीच नव्हत्या वाटतं, वाऱ्याशिवाय चैन पडत नाही तुला." मी म्हणते, "तुमच्या माहेरी हवासुद्धा परवानगी काढून आत यायची." मग तिचा भाऊ निघतो, माझी आत्या निघते, कुणाच्या लग्नात कोण रुसून बसलं होतं ते निघतं, आणि चहा उकळून काळा होईपर्यंत आम्ही दोघी अशा ताज्यातवान्या होतो म्हणता...

मुलगी हरखलीच. म्हणाली, खुंटी एकदम भक्कम आहे. भांडण संपलं की गोळी, सवय होईल, आजी. डबी खिडकीशीच ठेवली. आणि खोटं कशाला बोलू, जमलं की. जाऊबाईनं शेवटचा टोमणा मारला, की माझा हात आपोआप डबीकडे.

आता हे जाऊबाईला कुठलं बघवायला? हिच्याकडे माणसं येतात, हिला प्रश्न विचारतात, मग मी काय या घरात पोतेरं आहे? गेली तरातरा डॉक्टरांकडे आणि घुसली अभ्यासात. ती आली चष्मेवाल्याच्या वाट्याला. त्याचं काम जुनी सवय मोडायचं. त्यानं विचारलं, स्वतःची कुठली सवय नकोशी वाटते? आणि परक्या माणसासमोर आपण बरं दिसावं म्हणून ही बया काय सांगते, तर मला जरा उलट बोलायची सवय आहे.

त्यात त्या दोघांचा नियम काय, तर आपल्याकडच्या माणसाबद्दल एकमेकांशी अवाक्षर काढायचं नाही, निष्कर्ष बिघडतात. एकाच बाकावर बसायचे हो. ही माझ्या भांडणावर गोळी टांगतेय, तो शेजारी बसून खुंटीच उपटतोय, आणि दोघं एकमेकांना बिस्किटं पुढे करताहेत.

एके सकाळी मी खिडकी उघडली. जाऊबाई उठली, जवळ आली, दीर्घ श्वास घेतला, घोटभर पाणी प्यायली आणि माझ्याकडे बघून हसली. मला वाटलं, झटका आला हिला. खांदे धरून हलवलं. तर म्हणते, "काही नाही गं. तुला वारा हवाय ना? असू दे."

असू दे? या बाईच्या तोंडी हा शब्द मी उभ्या जन्मात ऐकला नव्हता.

त्या दिवशी गोळी राहिली. दुसऱ्या दिवशीही राहिली. काय काय नाही केलं मी? तिच्या भावाला नावं ठेवली, तिनं श्वास घेतला. तिचा चहा बिनसाखरेचा केला, पाणी प्यायली. शेवटी तिच्या आईला कंजूष म्हटलं. तर हसली. आईवरून हसली हो...

मग त्या दोघांना समोर बसवलं आणि जे बोलले ते इथं सांगत नाही. मुलगी रडवेली झाली. दुसरी खुंटी शोधू म्हणाली, सवय होईल, आजी. मी चष्मेवाल्याकडे वळले. "मला माझी जाऊ परत आणून दे."

तो म्हणाला, "आजी, त्या किती शांत झाल्यात बघा. हा आमचा सगळ्यात चांगला निकाल आहे."

मोडलेली सवय पुन्हा लावायची तर म्हणे वेगळा अभ्यास लागतो, आणि त्याला मंजुरी नाही. गेले. आमच्या घरातून चांगला निकाल उचलून घेऊन गेले, आणि आम्हाला ठेवलं असं.

मग तिलाच गाठलं. खुर्ची ओढून समोर बसले. म्हटलं, "जाऊबाई, एकदा तरी टाकून बोला हो मला. घर खायला उठतं."

तिनं माझा हात हातात घेतला. लग्न होऊन आले तेव्हापासून कधी घेतला नव्हता. म्हणाली, "बोलले असते गं धाकटे. पण शब्द सुचायच्या आत हसूच येतं." डोळे भरले होते तिचे, आणि हसत होती. तुम्ही पाहिलंय असं कधी? पाहू नका.

तेव्हापासून दोन्ही बाजू मीच लढवते. खिडकी उघडते. मग तिच्या जागेवर जाते, मान वाकडी करते, म्हणते, "धाकटे, तुझ्या माहेरी भिंतीच नव्हत्या वाटतं." परत इकडे येऊन उत्तर देते. परत तिकडे. ती खुर्चीत बसून बघते, एखाद्या पाहुणीसारखी.

परवा तिच्या बाजूनं बोलताना माझं चुकलं. लग्नात रुसून बसला होता माझा मामा, आणि मी घातलं तिच्या काकाच्या माथी. खुर्ची करकरली. वळून बघते तर जाऊबाई उभी. मान वाकडी, बोट वर, ओठ हलायला लागलेले. तुम्हाला सांगते, मी जिवाचे कान केले. मनात म्हटलं, बोल बाई, बोल, माझं सगळं खानदान काढ, पण बोल...

आणि घेतला तिनं दीर्घ श्वास. घोटभर पाणी प्यायली. हसली.

मी खिडकी लावली आणि गोळी घेतली.