डाव्या हाताची कानस

दवाखान्यात बाळ माझ्या मांडीवर झोपलं होतं. शेजारी बसलेले बहीण-भाऊ हळू आवाजात बोलत होते.

“ताई, बाबांच्या गाडीचे चारही पिस्टन रॉडसकट काट्यावर तोलून, कानशीने घासून सारख्या वजनाचे केले होते. सकाळी पाहतो तर पुन्हा एक हलका.”

“तूच जास्त घासला असशील, धांदरटा.”

“कानशीचे ओरखडे डावऱ्या माणसाचे आहेत.”

“डावरे फक्त बाबा होते.”

“आणि त्यांना जाऊन वर्ष होत आलं.”

“बाकीचे तीन त्याच्याइतके घास आणि बसव इंजिन. त्याच गाडीतून आईला माझ्याकडे न्यायचंय.”

“रोज तेच करतोय. आता आणखी घासले तर फुटतील.”

“आईला सांगितलंस?”

“सांगितलं. म्हणाली, रात्री कानशीचा आवाज सुरू झाला की मला गाढ झोप लागते. मला इथून हलवू नका.”