दोन्ही वेळा

घराचा विमा दुसऱ्या कंपनीकडे न्यायला आलेले मायलेक अधिकाऱ्याच्या टेबलाशी बसले होते. मागच्या बाकावरच्या शिंप्याला सगळं ऐकू येत होतं.

“याआधी घरात काही दुर्घटना?”

“छे! कध्धी नाही,” म्हातारी म्हणाली.

“आई, थांब जरा. दोनदा आग लागली होती, साहेब. स्वयंपाकघरात.”

“आग? आपल्याकडे?”

“कशामुळे?”

“गॅस चालू राहिला.”

“कोणाच्या हातून?”

लेकानं आईकडे पाहिलं.

“माझ्या.”

“दोन्ही वेळा?”

“दोन्ही वेळा. लिहा तसं.”

“अगं बाई! आणि मला बोललासुद्धा नाहीस! लहानपणापासून हा असाच धांदरट, साहेब.”

“आजी, हाताला पट्टी कसली?”

“ही? काय की. यालाच विचारा.”

“बरं, दिवसभर घरी कोण असतं?”

“मी असते ना! तुम्ही अगदी निर्धास्त राहा.”